बासुंदी इथंच बसून खायची

महानंदाआक्का माणसाच्या आधी डबा बघायची.

रविवारी सकाळी लोह्याची, अहमदपूरची एसटी आली की पोरींच्या आया आमच्या खाणावळीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला डबा. पोरगी पळत येऊन गळ्यात पडायची, आईचे डोळे भरायचे, आणि तेवढ्यात त्या दोघींच्या मधून आक्काचा हात पुढं यायचा.

“काय आणलं?”

“पेढे हाईत आक्का. घरचा खवा.”

“केले कधी?”

“काल, दिवस मावळायच्या आधी.”

“झाकण गरम असतानाच लावलं?”

हे ती का विचारतेय ते बहुतेकींना कळायचं नाही. त्या ‘हाव’ म्हणून मोकळ्या व्हायच्या, आणि आक्का डबा घेऊन उजेडात जायची. आधी झाकणाची आतली बाजू बघायची, तिथं पाण्याचे थेंब जमलेत का. मग डबा जरा कलता करून कडेला पाणी सुटलंय का, बुडबुडे धरलेत का. चमच्याची पाठ हळूच टेकवून उचलायची. चिकट तार आली की विषय संपला. नाक सगळ्यात शेवटी. लोक म्हणायचे आक्काचं नाक लई तिखट, पण तिचा स्वतःचा त्या नाकावर फार भरवसा नव्हता. म्हणायची, “वेलदोडा खोटं बोलतो. केशर तर त्याहून. आधी डोळ्यानं बघावं.” आणि जीभ कधीच लावायची नाही. चाखून बघते म्हणणाऱ्या बाईला ती म्हणायची, “इस्तू हाय का न्हाई ते हात घालून बघती का तू?”

चांगलं असेल तर डबा पोरीच्या हातात, वर तंबी, की दुपारच्या आत संपव, मैत्रिणींना वाट. खराब असेल तर ती वाद घालायची नाही. मागच्या अंगणात लिंबाखाली एक खड्डा होता. डबा त्यात रिकामा व्हायचा, वरून माती. मग तो डबा घासून, उकळत्या पाण्यातून काढून उन्हात पालथा. जाताना त्या बाईला तोच डबा शेंगदाण्याच्या लाडवांनी भरून मिळायचा, कारण दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत. पण आईला त्या लाडवांचं काय. ती खड्ड्याकडं बघत राहायची.

मी हिमायतनगरची. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि नवरा सेंट्रिंगच्या कामावर लातूरला आला म्हणून मीही आले. तेव्हा शिकवण्यांच्या भागात बघता बघता इमारती उठत होत्या. खाली क्लास, वर पोरींच्या खोल्या, भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. गावाकडून माणूस यायचा तो पोराला डॉक्टर करायच्याच बोलीनं. माझं त्या गावात कोणी नव्हतं. माहेरी जायचं म्हणजे अख्खा दिवस एसटीत. आक्काकडं पोळ्या लाटायला लागले तेव्हा माझा जीव सदा टांगलेला असायचा. गॅस बंद केला का हे तीनदा बघायची. मीठ दोनदा पडलं की काय या भीतीनं कधी पडायचंच नाही.

“काय करतीस गं?” आक्का विचारायची.

“कणीक मळून राहिले.”

“मळून राहिली, लाटून राहिली. तुमच्या तिकडं एकबी काम संपत न्हाई काय, सगळं राहिलेलंच?”

हसायची नाही. उंच, सावळी, कपाळाला विभूती, गळ्यातलं लिंग कामाच्या वेळी पदराआड खोचलेलं. हाताला बांगडी नव्हती, पुरुषी पट्ट्याचं मोठं घड्याळ होतं. दूध उतरवलं की ती त्या घड्याळात बघायची, आणि पुढचे सगळे तास तिच्या डोक्यात चालू व्हायचे. ती भूकंपातली बाई आहे एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं कोणी विचारायचं नाही. लातुरात तेव्हा भूकंपातली माणसं बरीच होती, आणि न विचारण्याची सगळ्यांना सवय झाली होती.

दूध मेहबूबचाचांचं. जुन्या गावातलं घर, आजापासून दुधाखव्याचा व्यापार. पांढरी दाढी, सायकलला दोन्हीकडं किटल्या. रोज सकाळी त्या दोघांची तीच तक्रार.

“आक्का, आज बघायचं काम न्हाई. खुदा गवाह हाय, आत्ता काढलेलं दूध हाय.”

“खुदाला कशाला त्रास देता चाचा, तेला दुसरी कामं हाईत. पळी आणा.”

पळीभर दूध आधी विस्तवावर धरायचं. उकळी येऊन ते फाटलं नाही तरच किटली आत. चाचा दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे.

“तीन पिढ्यांचा धंदा हाय माझा.”

“पिढ्या कितीबी असू द्या, दूध आजचं पायजे.”

एकदा उन्हाळ्यात पळीतलं दूध दाणेदार झालं. चाचा दोन्ही किटल्या घेऊन परत गेले, आणि तासाभरानं दुसरं दूध घेऊन आले. आक्कानं त्यांना चहा दिला. चाचा मला म्हणाले, “बेटी, सगळ्या लातुरात हिच्या दारात माझी मान खाली जाते, आन् हिचंच दूध मी पहिलं काढतो. कारन पूछ मत.”

रविवार म्हणजे बासुंदी. आठवडाभर पोरी त्या एका जेवणावर जगायच्या. सकाळी सहाला दूध चढायचं, दहापर्यंत आटून गुलाबी व्हायचं. खरी गडबड त्यानंतर. बाजारातून बर्फाची लादी यायची, मोठ्या परातीत फोडायची, त्यात पातेलं ठेवून मी आणि आक्का आळीपाळीनं ढवळायचो. वर झाकण नाही, नुसतं मलमलचं फडकं, वाफ निघून जावी म्हणून. मग पसरट ताटांत काढून फ्रीजमध्ये. खोल पातेल्यात ठेवलेलं वरून गार लागतं आणि मध्ये तासन् तास कोमट असतं, आणि कोमटपणातच सगळं होतं, हे मला तिनं पहिल्या रविवारी सांगितलं. वेलदोडा शेवटी, तिनं बघून झाल्यावर. ढवळायची पळी कोरडी, वाढायची वेगळी. बारा ते दोन पंगत. दोन वाजता जे उरेल ते खड्ड्यात. उद्याच्या दुधात मिसळायचं नाही, पुन्हा उकळून कुणाला घालायचं नाही. पहिल्यांदा ती उरलेली बासुंदी मातीत गेली तेव्हा मी रडले होते. आमच्या घरी दूध चहापुरतं यायचं.

भिंतीवर तिनं माझ्याकडून तेलरंगात लिहून घेतलं होतं: बासुंदी इथंच बसून खायची, खोलीवर न्यायची नाही. माझं अक्षर बरं होतं, तेवढीच शाळा माझ्याजवळ उरली होती. पोरी चेष्टा करायच्या.

“आक्का, ही काय परीक्षा हाय का, पेपर बाहेर नेता येत न्हाई?”

“हाव. आन् नापास झाली तर सलाईन लागतंय.”

नियमामागं कारण होतं. रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद. लातुरातल्या सगळ्याच खाणावळींची ती रीत. त्यामुळं पोरी दुपारचं गोड वाटीत भरून खोलीवर न्यायच्या आणि संध्याकाळी पावाबरोबर खायच्या. पत्र्याच्या खोल्या, त्यात लाईट जायची. सहा-सात तास ती वाटी खिडकीत उन्हाला बसलेली असायची. दुसऱ्या खाणावळीत हे सर्रास चालायचं, कोणाला काही व्हायचंही नाही. बहुतेक वेळा होत नाही, आक्का म्हणायची, म्हणूनच लोक शिकत नाहीत.

फ्रीजच्या दारावर तिचा खडू असायचा. लाईट गेली की वेळ लिहायची, आली की वेळ लिहायची. एकदा एका क्लासच्या सरांनी सत्काराच्या कार्यक्रमाला श्रीखंड सांगितलं. पास झालेल्या पोरांचा सत्कार, आईबाप येणार, मोठा मंडप. आम्ही दोन दिवस चक्का बांधला, फेटला, डबे भरले. त्या दिवशी पहाटेपासून लाईट गेली ती दुपारपर्यंत आलीच नाही. सर गाडी घेऊन आले तेव्हा आक्का फ्रीजपुढं खडू घेऊन उभी होती.

“न्हाई देता येत.”

“अहो आक्का, वास तर काहीच नाही. थोडं पाणी सुटलंय, हलवून घेऊ.”

“वास आज येत न्हाई सर. पोराच्या पोटात गेल्यावर आला तर काय करू मी तेला?”

“तिकडं माणसं जेवायला बसली आहेत. माझी इज्जत जाईल.”

“तुमची जाऊ द्या,” आक्का म्हणाली, “माणसं ऱ्हाऊ द्या.”

सर फार बोलले. भूकंपानं डोक्यावर परिणाम झालाय असंही बोलले. ती ऐकत डबे उघडत होती आणि मी खड्ड्यापाशी उभी होते. त्या क्लासची कामं पुन्हा आली नाहीत. मला वाटलं बाई फारच करते. तसं वाटलं याची अजूनही लाज वाटते.

संजीवनी लोह्याची. वडील एसटीत कंडक्टर, आई घरी. दोन वर्षं आमच्याकडं जेवत होती. बारीक, चष्मेवाली, ताटात पुस्तक ठेवून जेवणारी. मोठ्या परीक्षेला आठ दिवस उरले होते, त्या रविवारी तिची आई आली. ऊन असं की सकाळी नऊलाच डांबर मऊ झालेलं. डब्यात खरवस. शेजारची म्हैस व्याली म्हणून चीक मागून आणलेला, आदल्या दिवशी केलेला, आणि एसटी वाटेत बिघडल्यामुळं दोन तास उन्हात थांबलेला.

आक्कानं डबा उजेडात नेला, चमचा टेकवला. तार आली. ती मागच्या दाराकडं निघाली तशी ती आई आडवी आली.

“टाकू नका. माझ्या हातचं हाय ते. इख म्हणता का तुमी त्याला?”

“ताई, गेलंय ते.”

“वरचं काढा. आतलं चांगलं असंल. पोरीला घासभर तरी घालते.”

आक्का थांबली. मी तिला अशी थांबलेली कधी बघितली नव्हती. मग म्हणाली, “वरचं काढून आतलं चांगलं, असं दुधाचं नसतंय.” आणि तिच्या बाजूनं निघून गेली.

मागून ती आई मोठ्यानं बोलली, “पोटची लेक असती तर कळलं असतं तुमाला.”

खड्ड्यावर माती पडल्याचा आवाज आला. आक्का हात धुऊन आली आणि बासुंदीचं पातेलं परातीत फिरवायला लागली. ती आई दुपारच्या गाडीनं गेली, लाडवांचा डबा ओट्यावर तसाच ठेवून.

पंगत उठल्यावर संजीवनी माझ्याजवळ आली. चष्म्याआडचे डोळे सुजलेले.

“मावशी, थोडी बासुंदी दे ना वाटीत. आत्ता जेवण गेलंच नाही मला. खोलीवर जाऊन लगेच खाते.”

आक्का मागं भांडी मोजत होती. मला त्या आईचं जाताना बघितलेलं तोंड आठवलं, माझी आई आठवली, आणि मी वाटी भरून दिली. वर ताटली झाकली. एवढंच केलं मी. लगेच खा, असंही सांगितलं.

तिनं लगेच खाल्ली नाही. अभ्यासाला बसली, संध्याकाळी भूक लागल्यावर खाल्ली. वास वेलदोड्याचा होता, चांगला.

सोमवारी सकाळी सहाला तिची खोलीतली मैत्रीण पळत आली. आक्का आणि मी रिक्षानं गेलो. संजीवनी जिन्यात बसलेली, ओठ पांढरे, मान धरवत नव्हती. आक्कानं तिला उचललं. तिच्या अंगात इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. दवाखान्यात बाटली लागली. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, आणि पोरगी अर्धवट शुद्धीत म्हणाली, बासुंदी.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर लिहिलेलंच होतं.

दुपारी व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही बसलो होतो. आत पोरगी झोपली होती. डॉक्टर म्हणाले होते, संध्याकाळपर्यंत बघू. मी किती वेळा तेच बोलले असेन, की चुकले, की मला काढून टाका. आक्का समोरच्या भिंतीकडं बघत होती. मग तिनं भिंतीलाच सांगितल्यासारखं सांगायला सुरुवात केली.

“माझी पाच वर्साची व्हती. गौरा नाव. त्या दिवशी गणपती बुडवून आलो. उकडत व्हतं, पोरगी मला म्हनली, आवा, अंगणात झोपू. म्हनून आमी दोघी बाहीर. घरात तिघं व्हते. पहाटं घरच न्हाई ऱ्हायलं.”

नर्स येऊन गेली. आक्का ती जाईपर्यंत थांबली.

“मग ताडपत्रीत ठेवलं आमाला. पाऊस थांबंना. ट्रकनं अन्न यायचं, कुठनं कुठनं. लोकांनी जीव लावून पाठवलं, देव भलं करो तेंचं. बर्फीचं एक खोकं माझ्या हातात आलं. पोरीनं किती दिवस गोड बघितलं नव्हतं. झाकण काढलं आन् मला वास आला.”

“आंबूस?”

“आंबूस. म्हशीच्या घरातली मी, मला कळलं. समदं कळलं. पन आलेलं अन्न टाकायचं कसं, तेबी दुसऱ्यानं अशा वक्ताला दिल्यालं. चार बाया बघत व्हत्या. पोरगी हात पसरून उभी. मी वरचा थर खरवडला आन् आतली दिली.”

मी तिच्याकडं वळून बसले.

“डॉक्टर म्हनले पाण्यानं असंल. तंबूतल्या लई जणास्नी हगवण लागली व्हती. असंल पाण्यानं. ती कशानं गेली ह्याच्यावर माझं म्हननं न्हाई गोदा. वास मला आला व्हता.”

एवढंच. पुन्हा तिनं भिंतीकडं बघायला सुरुवात केली, आणि मी पहिल्यांदा स्वतःविषयी रडायची थांबले.

चारच्या सुमाराला संजीवनीचे आईवडील आले. वडील खाकी कपड्यातच, ड्युटीवरून तसेच. ते व्हरांड्यातून येताना दिसले तशी आक्का उठली.

“तूच सांग,” ती मला म्हणाली. “मी शेजारी उभी ऱ्हाते.”

“दादा,” मी म्हणाले, “बासुंदी मी दिली. खोलीवर द्यायची नसते. आक्कानं मना केलेली. मी गुपचूप दिली.”

त्यांची बायको माझ्याकडं बघत होती. मग तिनं आक्काकडं बघितलं. “माझा खरवस फेकला,” ती म्हणाली, “आन् हे घातलं.”

“खरं हाय,” आक्का म्हणाली. “घर माझं, पातेलं माझं. हिला बोलू नका, मला बोला.”

वडिलांनी टोपी काढून हातात घेतली होती. ते म्हणाले, “आत पोरगी पाणी मागून राहिली. आधी ते बघा.”

संध्याकाळपर्यंत ताप उतरला. तिसऱ्या दिवशी पोरगी चालायला लागली. परीक्षेला ती गेली, साखरमिठाच्या पाण्याची बाटली घेऊन. डॉक्टरकीला मार्क कमी पडले. किती कशानं कमी पडले ते कोण सांगणार. तिनं पुढं लोह्यालाच राहून बी.एस्सी. केलं, आता शाळेत शिकवते. आक्का दर निकालाला तिची आठवण काढायची आणि त्या दिवशी जेवायची नाही.

त्या सोमवारी संध्याकाळी दवाखान्यातून आम्ही बाहेर पडलो तेव्हा मला खात्री होती की माझं काम गेलं. हिमायतनगरला काय सांगायचं, नवऱ्याला काय सांगायचं, हेच डोक्यात. रिक्षाच्या कडेला उभी राहून आक्कानं घड्याळात बघितलं.

“उद्या सहाला ये. उशीर करू नको, कणीक भिजवायला लागंल.”

माझ्या आयुष्यात मला कुणी दिलेलं सगळ्यात मोठं काही असेल तर ते हे वाक्य. तिला तसं कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, कणकेचं बघ.

बासुंदी मात्र त्या दिवसापासून बंद झाली. रविवारी शेंगदाण्याची पोळी, गुळाचा सांजा, कोरडं गोड. पोरी कुरकुरायच्या. शेजारच्या खाणावळीत आईस्क्रीम सुरू झालं, मग मोठ्या वसतिगृहांनी आपापली कँटीन काढली, आणि आमची पंगत तीसवरून अठरा, अठरावरून सात झाली. मेहबूबचाचा वारले. त्यांचा मुलगा पिशवीतलं दूध विकायला लागला. एका उन्हाळ्यात आक्काचा पुतण्या तिला न्यायला आला. तिनं फ्रीज मला दिला, मोठी परात मला दिली. मी आता त्याच भागात दहा-बारा पोरींचे डबे करते. गोड देत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी तिला भेटायला गेले. तीच शेवटची भेट. भूकंपानंतर वसवलेलं नवं गाव, रुंद रस्ते, एकसारखी घरं, प्रत्येकानं पुढं पत्र्याची पडवी काढलेली. लोक अजून पडवीतच झोपतात. आक्का वाळली होती, पण मला ओळखलं. तब्येत विचारू दिली नाही. पोरींच्या जेवणाचं विचारलं, कुणी आजारी पडलं का विचारलं. दुपारी मी निघाले तशी म्हणाली, फाट्यापर्यंत येते.

फाट्याची वाट जुन्या गावावरून जाते. तिथं आता बाभळी आणि दगडांचे ढीग. आक्का न थांबता त्यातून चालत गेली, जसं बाजारातून चालावं. इथं चावडी, इथं आमचं दार, एवढं बोलली. पुढं एक हरभऱ्याचं रान लागलं. घाटे धरलेले, हिरवंगार. तिथं मात्र ती बांधाशी थांबली.

“ताडपत्र्या हितं व्हत्या.”

मी उभी राहिले. वारा सुटला होता.

“गोदा, तू फाट्यावर हो फुडं. मी येते.”

“कुठं जाता आक्का?”

“कुठं न्हाई. गौराला एक सांगायचं ऱ्हायलंय.”

मला कळलं नाही. ती बांध धरून खाली बसत होती, एक गुडघा, मग दुसरा.

“वास आल्याचं,” ती म्हणाली. “देवाला सांगितलं, तुला सांगितलं. तिला न्हाई सांगितलं. लहान व्हती, म्हनलं तिला काय कळंल. आता मोठी झाली असंल. आता कळंल तिला.”

मी फाट्यावर गेले. तिथून रान दिसत होतं. बांधावर आक्का बसलेली, पदर डोक्यावरून घेतलेला, तोंड हरभऱ्याकडं. मध्येच एक हात वर व्हायचा, पुन्हा मांडीवर यायचा. लांबून ऐकू काही येत नव्हतं.

एसटी आली. कंडक्टरनं दार उघडून ‘लातूर, लातूर’ म्हटलं. मी मान हलवून नाही म्हणाले. गाडी धूळ उडवत गेली. धूळ बसल्यावर बघितलं, आक्काचं अजून सांगून झालं नव्हतं.